गाडीला लागलेली नजर

माझी गाडी बुजायला लागली आणि दोष माझ्यावर आला.

बुजणं हा शब्द मी जाणूनबुजूनच वापरते आहे. मी जनावरांची डॉक्टर. राहते जालन्यात, पण माझे रोगी सगळे बाहेर. भोकरदनच्या वाटेला हसनाबादपर्यंत, अंबडच्या पुढे अंकुशनगरच्या उसापर्यंत, आणि कुणी फारच गळ घातली तर कुंभार पिंपळगावलासुद्धा. बैल बुजतो म्हणजे काय, हे या गावांत कुणाला सांगावं लागत नाही. वाऱ्यानं पोतं हललं, झाडाची सावली आडवी पडली, की चालता बैल एकदम अंग चोरतो, थबकतो, नाहीतर बाजूला उडी घेतो. मालक म्हणतो बैल भित्रा निघाला, आणि चाबूक काढतो. मी आधी डोळे बघते. कितीदा तरी एका डोळ्यात फूल पडलेलं असतं आणि बिचाऱ्याला अंतराचा अंदाजच येत नसतो. जे लांब आहे ते त्याला अंगावर आल्यासारखं वाटतं.

माझ्या गाडीचं अगदी हेच झालं होतं. पण ते सिद्ध होईपर्यंत घरच्यांनी चाबूक माझ्यासाठी काढून ठेवला होता.

गाडी मीच पसंत केलेली. समोरच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे, तिला एक कॅमेरा आहे. तो रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषा बघतो आणि पुढची वाहनं बघतो. चाक रेषेवर जायला लागलं की गाडी पीं पीं करते. पुढच्या वाहनाच्या फार जवळ गेलं आणि आपला पाय ब्रेकवर नसला, तर ती स्वतःच ब्रेक लावते. गावाकडच्या रस्त्यांना रेषाच नाहीत, त्यामुळे तिथे ती बहुतेक गप्प असते. मोठ्या रस्त्याला लागलं की तिचा कारभार सुरू. सुरुवातीला मला ती आगाऊ वाटली होती, पण नंतर आमचं जमलं. उगाच तोंड उघडायची सवय तिला नव्हती.

मग उसाचा हंगाम संपत आला. अंकुशनगरहून एक म्हैस बघून परत येताना पुढच्या ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि माझ्या काचेवर येऊन बसला. काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. काच बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

बायपासला एक मोठं गॅरेज नुकतंच उघडलं होतं. मालक बोलायला गोड, कपाळाला गंध, हातात सतत मोबाइल. तो म्हणाला, "म्याडम, काच बदलली की कॅमेऱ्याला नव्यानं नजर लावून द्यावी लागती. ते मशीन आपल्याकडं हाय." मला हसू आलं. आमच्याकडे नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून लोक लिंबू-मिरची बांधतात, आणि हा गृहस्थ नजर लावून देतो म्हणत होता.

काम होईपर्यंत मी तिथेच बसले. गॅरेज खरंच देखणं होतं. शेजारी एक गाडी धुवत होते आणि त्या गाडीचं पाणी फरशीवरून एका रेषेत मागच्या कोपऱ्याकडे पळत होतं. मी तिकडे बघतेय हे पाहून मालक खुलला. "वास्तुवाल्याला दाखवूनच फरशी टाकली म्याडम. सगळा उतार ईशान्येला. अन् नैऋत्य कोपरा चांगला उचलून घेतला. वजनी मशीन नैऋत्येलाच पाहिजे ना." त्या उचललेल्या कोपऱ्यात स्टँडवर एक भलामोठा फळा उभा होता. त्यावर काळे-पांढरे चौकोन. माझी गाडी खाली, फळ्याकडे तोंड करून. कॅमेरा फळा बघतो, मशीन कॅमेऱ्याला विचारतं काय दिसतंय, आणि दोघांचं जुळलं की पडद्यावर हिरवी खूण येते, असं त्यानं समजावून सांगितलं. हिरवी खूण आली. मी त्याचे आभार मानले, फरशीचंही कौतुक केलं आणि निघाले.

दुसऱ्याच दिवशी आम्हाला अंबडला एका साखरपुड्याला जायचं होतं. सासरे माझ्या शेजारी पुढे बसले, नवरा आणि सासूबाई मागे. सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामांनी सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. दोन भावांच्या बांधावरून डोकी फुटायच्या बेतात असताना मामांनी साखळी टाकली की दोघंही गप्प बसायचे, हे ते स्वतःच सांगतात, आणि ते खरं असावं, कारण घरातही तसंच आहे. मामांनी एकदा मोजून सांगितलं की विषय संपला.

शहर सोडलं, रेषा लागल्या, आणि गाडीचं ओरडणं सुरू झालं. पीं पीं. मी डावीकडची रेष बघितली, चाक चांगलं लांब होतं. थोडी उजवीकडे घेतली, तर उजवीकडून पीं पीं. मधोमध आले, जरा गप्प. एक वळण आलं, पुन्हा पीं पीं. मामा आधी आरशात बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले. पुढे बऱ्याच अंतरावर एक ट्रॅक्टर चालला होता, एवढ्या लांब की त्यात ऊस आहे की कडबा हेही नीट कळत नव्हतं. आणि गाडीनं खाडकन ब्रेक मारला. मामांच्या मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स उडून खाली पडला आणि पेढे त्यांच्या पायाखाली लोळले.

"काय करून राह्यली तू?" मामा म्हणाले.

"मी नाही मामा, गाडीनं लावला."

"गाडी कामून लावंल? तू चुकली म्हणून लावला ना. मशीन काय खोटं बोलंल का?"

तेच तर दुखणं होतं. नवऱ्यानं म्हटलं असतं तुला चालवता येत नाही, तर मी दोन शब्द ऐकवले असते. सासूबाईंनी म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण इथे साक्षीदार गाडीच होती, आणि ती सगळ्यांसमोर, दर थोड्या वेळानं, मोठ्या आवाजात माझ्याविरुद्ध साक्ष देत होती.

परतीच्या वाटेवर गाडी नवऱ्यानं चालवली. गाडी त्याच्यावरही तेवढीच ओरडली. पण तेव्हा रेषा पुसट झालेल्या होत्या, समोरचा ट्रॅक्टरवाला बेशिस्त होता आणि ठेकेदारानं रस्ता नीट केलेला नव्हता. मी मागच्या सीटवर बसून हे सगळं ऐकलं. माझ्या वेळी चूक माझी, त्याच्या वेळी चूक रस्त्याची!

मी गाडी घेऊन पुन्हा गॅरेजला गेले. मालकानं ती पुन्हा त्याच फळ्यासमोर उभी केली, पुन्हा हिरवी खूण आली. "बिलकुल ओके म्याडम. मशीन एकदम बराबर दाखवून राह्यलंय. तुम्ही जरा मधातून चालवत जा, सवय होऊन जाईल." आता साक्षीदार दोन झाले. गाडी आणि मशीन.

सासूबाईंनी त्या संध्याकाळी गाडीवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. "गाडीला नजर लागली," त्या म्हणाल्या. मी हसले. खरं तर सगळ्या घरात रोगाचं निदान त्या एकट्यांनीच बरोबर केलं होतं, पण ते कळायला अवकाश होता.

घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मी जिंकले असते. मामांनी जेवताना अगदी मायेनं सांगितलं की काही दिवस तू गाडी चालवू नको, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, किल्ली दुकानात राहू दे. नवऱ्याचं बियाण्याचं दुकान आहे, मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ. तो म्हणाला, कुठे जायचं असलं की फोन कर, मी नेईन. सगळे इतके चांगले वागत होते की रागवायला जागाच नव्हती. आणि किल्ली माझ्या पर्समधून निघून दुकानाच्या गल्ल्यात गेली.

ज्याला हे क्षुल्लक वाटेल त्यानं एकदा अडलेल्या गाईजवळ बसून बघावं. माझ्या कामात लवकर पोचणं हेच अर्धं औषध असतं. माझ्यासाठी ती किल्ली म्हणजे माझी डॉक्टरकी होती.

हसनाबादहून फोन आला तो सकाळी. फोन करणारी आजी एकटीच राहते, मुलं पुण्याला. दोन गाई आणि एक म्हैस एवढाच तिचा संसार. गाय अडली होती. मी बॅग उचलून रिक्षानं दुकान गाठलं. दुकानात पेरणीच्या आधीची गर्दी होती. नवरा म्हणाला, "अगं, थोडं थांब, एवढी गिऱ्हाइकं काढतो." मी म्हटलं, "किल्ली द्या, मी जाते." तो म्हणाला, "मामा काय म्हणतील?" आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी बियाण्यांच्या पोत्यांना टेकून उभी राहिले. आजीचे फोन येत राहिले. शेवटी निघालो तेव्हा ऊन वर आलं होतं.

वासराची मान मागे वळलेली होती. मी ती सरळ केली, वासरू बाहेर काढलं, पण ते गेलेलं होतं. नुकतंच गेलं असावं. अंग अजून ऊन होतं. आजीनं त्याच्या अंगावर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उशीर झाला म्याडम."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नवरा दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी त्याच्याकडे पाठ करून गाईकडे वळले, कारण बोलले असते तर थांबता आलं नसतं.

गाय वाचली होती, पण उठल्यावर ती मागचा एक पाय नीट टेकवत नव्हती. पाय खरंच दुखावलाय की नुसता आखडलाय, हे बघायला हवं होतं. गोठ्याच्या फरशीला मागे गटाराकडे उतार होता, गोमूत्र वाहून जायला असतो तसा. मी सवयीनं म्हटलं, "आजी, हिला बाहेर सपाटीवर घ्या. उतारावर उभं जनावर तपासून काही कळत नाही."

आणि हातात दावं धरून मी तशीच उभी राहिले.

कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी कानीकपाळी ओरडून शिकवलेली गोष्ट. लंगडं जनावर बघायचं तर आधी सपाट जमिनीवर उभं करा, नाहीतर जनावर बरं असून लंगडं दिसेल आणि लंगडं असून बरं. माझी गाडी तपासली तेव्हा ती कशावर उभी होती? माझ्या डोळ्यांपुढे ते पाणी आलं, चकाकत्या फरशीवरून ईशान्येकडे पळणारं. आणि उचललेल्या कोपऱ्यातला तो फळा. गाईला मी सपाटीवर चालवून बघितलं. पाय आखडलेला होता, मोडलेला नव्हता. औषध देऊन निघालो. वाटेत गाडी नवऱ्यावर ओरडत होती आणि पहिल्यांदाच मला ते ओरडणं गोड वाटत होतं.

घरी गेल्यावर मात्र मी तोंड मिटून ठेवलं. मी काही सांगितलं असतं तर ते सुनेनं स्वतःच्या बचावासाठी शोधलेलं कारण ठरलं असतं. मला असा साक्षीदार हवा होता ज्याच्यापुढे घरात कुणाचं चालत नाही. दुकान बंद असायचा दिवस आला तेव्हा मी मामांच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले.

"मामा, एक मोजणी करायची आहे. तुमच्याशिवाय होणार नाही."

मामांनी पेपर खाली ठेवला. इतक्या वर्षांनी कुणी मोजणीला बोलवत होतं. "कुठली?"

"रस्त्याची."

बेत साधा होता. गाडी नवरा चालवणार, म्हणजे चालवणाऱ्याच्या हाताबद्दल शंका नको. मामा डाव्या खिडकीशी, काच खाली करून. मी मागे उजव्या खिडकीशी. गाडीनं तोंड उघडलं की चाक आणि रेष यांच्यात किती जागा आहे ते बघून सांगायचं, बस. मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर मान काढली. आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मी नवऱ्याला म्हटलं, हळूहळू डावीकडे घ्या.

पीं पीं.

"आँ?" मामा म्हणाले. "अरे, हातभर लांब हाय की रेष! पुन्हा घे."

पुन्हा पीं पीं.

"हातभर. थोडं जास्तीच. बोंबलून काय राह्यली ही?"

मग उजवीकडे. मी सांगितलं, इकडेही हातभर. मामांचा माझ्या सांगण्यावर विश्वास बसेना. त्यांनी गाडी कडेला थांबवायला लावली, माझ्या जागेवर स्वतः येऊन बसले आणि उजवी बाजूही स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. मग त्यांनी बोटांवर काहीतरी हिशोब मांडला. शेवटी म्हणाले, "दोन्हीकडून हातभर. म्हंजी रस्ता हाये त्याहून अरुंद दिसून राह्यला हिला."

"आणि ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"तोबी हाये त्याहून जवळ दिसून राह्यला असंल." त्यांचा चेहरा लाल झाला. "ही मोजणीच चुकीची हाये!"

मामांना आयुष्यात कशाचा राग येत असेल तर चुकीच्या मोजणीचा. सुनेला गाडी येत नाही हे त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. पण कुणीतरी मोजणी चुकवली म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला. "चल गॅरेजला. आत्ताच्या आत्ता. त्यानं कशावर उभी केल्ती गाडी?" मी मागच्या सीटवर ओठ चावून बसले. माझा प्रश्न मामांच्या तोंडून आला होता आणि मला टाळी वाजवावीशी वाटत होती.

गॅरेजचा मालक आम्हा तिघांना बघून जरा बिचकला. मी म्हटलं, "गाडी होती तशीच उभी करा, फळ्यासमोर." त्यानं केली. फळ्याच्या स्टँडवर एक बुडबुडा असलेली नळी होती, ती त्यानं दाखवली. बुडबुडा बरोबर मध्ये. "बघा म्याडम, फळा एकदम सरळ हाय."

"फळा सरळ आहे, कबूल. पण उभा कशावर आहे?"

त्याला कळेना. मी बॅगेतून सलाईनची नळी काढली. दोन नळ्या जोडून लांब केली, त्यात पाणी भरलं, आणि दिसायला सोपं जावं म्हणून जखमा धुवायचं जांभळं औषध चिमूटभर टाकलं. घर बांधताना गवंडी पाण्याच्या नळीनं पातळी काढतात, ते प्रत्येकानं बघितलेलं असतं. माझ्याकडे गवंड्याची नळी नव्हती, गाईची होती. पाण्याला त्याचं काही नसतं. नळी कुठलीही असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येऊन उभं राहतं.

एक टोक मामांनी पुढच्या चाकापाशी जमिनीजवळ धरलं, गुडघ्यांवर बसून, धोतराला डाग लागतील याची पर्वा न करता. दुसरं टोक मी फळ्याच्या पायापाशी धरलं. नवऱ्याला मध्ये नळी दुमडू नये म्हणून उभं केलं. जांभळं पाणी वरखाली झालं, डुललं, आणि स्थिर झालं. चाकापाशी पाणी जमिनीपासून किती वर आहे ते मामांनी बोटं लावून मोजलं. मी माझ्याकडे मोजलं. मग मामा उठून माझ्याकडे आले आणि माझी बोटं बाजूला करून स्वतःची लावली.

"चार बोटं," ते म्हणाले. "फळा चार बोटं वर हाये."

हे मशीन धरून चालतं की फळा आणि गाडीची चाकं एकाच पातळीवर आहेत. फळा चार बोटं उंचावर, कॅमेऱ्याला तो अपेक्षेपेक्षा वर दिसला, आणि मशीननं निष्कर्ष काढला की कॅमेरा खाली मान घालून बसलाय. त्या हिशोबानं त्यानं कॅमेऱ्याला नजर लावून दिली. आता कॅमेरा बघतो सरळ आणि समजतो की आपण खाली बघतोय, म्हणजे जे दिसतंय ते सगळं पायाशी. लांबची रेष जवळ, लांबचा ट्रॅक्टर अंगावर. काचेत खोट नव्हती, कॅमेऱ्यात नव्हती, मशीनमध्ये नव्हती. खोट नैऋत्येच्या कोपऱ्यात होती. हे सगळं मी एका दमात सांगितलं. इतक्या दिवसांचं साचलेलं होतं, ते बाहेर पडलं, आणि आवाज जरा मोठाच लागला असेल. धुवायला आलेल्या गाड्यांचे मालकही जवळ येऊन उभे राहिले.

गॅरेजचा मालक फरशीकडे बघत राहिला. "पण साहेब, वास्तुवाल्यानंच सांगितल्तं ना…"

मला वाटलं आता मामा अडकले. आमच्या घरातलं न्हाणीघर त्यांनी वास्तूपायी दोनदा हलवलेलं आहे. पण मामा शांतपणे म्हणाले, "वास्तूला कामून दोष देता? ईशान्येचा उतार बराबर हाये. ठेवा तो. पण उतारावर मोजणी करत न्हाईत."

मग त्या दोघांनी मिळून फळा कोपऱ्यातून खाली आणला. गाडी मागे घेतली, दाराकडे, जिथे फरशी सपाट होती. प्रत्येक चाकापाशी आणि फळ्यापाशी मामांनी माझी नळी पुन्हा पुन्हा लावली. जांभळं पाणी सगळीकडे एकाच उंचीला आलं तेव्हाच त्यांनी मशीन चालू करू दिलं. हिरवी खूण आली. आधीही हिरवीच आली होती, आताही हिरवीच. म्हणून मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवरा गाडी घेऊन रस्त्यावर एक चक्कर मारून आला, मामा खिडकीतून मान बाहेर काढून शेजारी. परत आले तेव्हा मामांचे केस वाऱ्यानं उभे राहिले होते आणि ते हसत होते. "रेषेला चाक टेकलं तवाच बोलली. एक बोट आधी न्हाई."

मी मालकाला म्हटलं, या मशीनवर आजवर ज्यांच्या गाड्या चढल्या त्या सगळ्यांना आत्ता फोन करायचे, माझ्यासमोर. त्यानं खळखळ केली नाही. उलट जुनी बिलं काढून पहिला फोन त्यानं स्वतःच लावला. तिसऱ्या फोनला पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं झालं भाऊ, माझी बायको म्हणून राह्यली मला चालवता येत न्हाई म्हणून." स्पीकरवर होतं, सगळ्यांनी ऐकलं. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे हा रोग काही बायकांनाच होत नव्हता.

निघताना मालक किल्ली घेऊन आला. सवयीप्रमाणे त्यानं ती मामांसमोर धरली, मोठे म्हणून. मामांनी हात पुढे केला नाही.

"तिला द्या," ते म्हणाले. "गाडी तिची हाये. चुकत व्हती ती गाडी, आमची सून न्हाई."

हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, मोजणीचा निकाल सांगतात त्या आवाजात. ज्या आवाजापुढे भाऊ-भाऊ गप्प बसायचे तो आवाज त्या दिवशी माझ्या बाजूनं होता. किल्ली हातात घेताना मला किती आनंद झाला ते मी लपवलं नाही. नवरा मुकाट्यानं मागच्या सीटवर जाऊन बसला. घरापर्यंत गाडी एक शब्द बोलली नाही. मामा मात्र पुढे ट्रक दिसला की उजवा पाय फरशीवर दाबत होते, ब्रेक असल्यासारखा. मी म्हटलं, "मामा, गाडीचं बुजणं गेलं, तुमचं राहिलं." ते म्हणाले, "तू समोर बघून चालव." पण पाय त्यांनी मागे घेतला.

सासूबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तर पहिल्याच दिवशी सांगितल्तं, नजरेचा घोळ हाय म्हणून." मामांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

पुढे पावसाळा संपता संपता हसनाबादच्या त्याच आजीचा फोन आला. या वेळी म्हैस होती. दुपारची वेळ, मामा ओट्यावर बसलेले. मी बॅग घेऊन बाहेर आले तर फाटक आधीच उघडलेलं होतं आणि मामा रस्त्यावर उभे राहून, माझी गाडी बाहेर निघावी म्हणून, येणाऱ्या रिक्षाला हातानं थांबवत होते. "निघ जल्दी," एवढंच म्हणाले. मी निघाले. भोकरदनच्या रस्त्याला लागले, रेषा दोन्ही बाजूंना, गाडी मधून, आणि आतमध्ये शांतता. पुढे एक ट्रॅक्टर होता, लांब. गाडीनं त्याला लांबच असू दिलं.

रेडकाचे पुढचे दोन्ही पाय बाहेर आले होते, डोकं अडकलं होतं. मी बाह्या वर केल्या. आजीनं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. काही वेळानं रेडकू माझ्या मांडीवर घसरलं, ओलं, जड, आणि मी त्याच्या नाकातला चिकटा काढला तसं ते शिंकलं. आजीनं ते पदरानं पुसलं, पुसता पुसता माझ्याकडे वर बघितलं, आणि म्हणाली, "आज बराबर येळंवर आल्या म्याडम."